चकव्यातली बहीण

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कुणी लागत नाही, म्हणूनच असेल — पार्लरच्या खुर्चीत बसलेली अनोळखी बाई मला अर्ध्या तासात सगळं घरचं सांगून जाते, तसंच काहीसं. आज खुर्चीत मी आहे.

लग्नाआधी उदगीरला माझं छोटं पार्लर होतं. नवऱ्या सजवायचे, आणि फावल्या वेळात भुतं. माझा धाकटा भाऊ बालाजी आणि त्याचा मित्र अझहर मोबाईलवर भुताचे पिक्चर काढायचे. पीठ, काजळ आणि शेंदूर एवढ्यावर मी खवीस उभा करून द्यायचे. लाइट नव्हते, त्यामुळे आमच्या भुतांची रात्र भर दुपारी दोनला व्हायची. अंधार नंतर अझहर मोबाईलवर पाडायचा. उन्हात पीठ घामानं गळायचं आणि भूत 'अक्का, पुन्हा लाव' म्हणत माझ्याकडे पळत यायचं. बालाजीच भूत असायचा, कारण दुसरं कुणी तयार व्हायचं नाही.

एका दुपारी त्याचा मेकअप काढत होते. कापसाला क्रीम लावून डोळ्यांखालचं काजळ पुसलं. काळं निघालं — आणि खाली काळंच होतं. मी पुन्हा घासलं. त्यानं डोळे मिटून घेतले. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या मी त्याच्या गादीखाली आधी पाहिल्या होत्या; आता नशेच्या गोळ्या होत्या. माझं कामच चेहरे बघायचं. मला कळलं नाही असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

दिवाळीनंतर नांदेडचं स्थळ आलं. मला मुलगा आवडला होता, फोटोतच. पोहे झाले, आणि नेमका तेव्हाच बालाजी आतून बाहेर आला — गालफडं बसलेली, शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा. मुलाच्या आईनं विचारलं, "भाऊ आजारी असतो का?" आई-अण्णांनी एकमेकांकडे बघितलं. बघायला आलेल्या मुलीनं अशा वेळी तोंड उघडायचं नसतं, पण मी उघडलं. म्हणाले, "भुताच्या पिक्चरमधी काम करतो ना. रोलसाठी बारीक झालाय."

सगळे हसले. मुलानं तिथंच मोबाईलवर पिक्चर लावायला सांगितला. स्थळ जमलं. माझी ही थाप इतकी सोयीची निघाली की हळूहळू सगळ्यांनीच ती वापरायला घेतली. गल्लीत कुणी विचारलं की आई म्हणायची, 'पिक्चरसाठी हाय.' अण्णाही तेच म्हणायचे. बालाजीही म्हणायला लागला — त्याला तर काय, घरबसल्या बहाणा मिळाला. मी त्याला असा मेकअप करून दिला होता की खरा चेहरा कुणाला दिसू नये.

मग डिसेंबरात त्यानं नवीन पिक्चर लिहिला, चकव्याचा. चकवा तुम्हाला माहीत असेल — शेतात माणसाला घेरतो, आणि माणूस तिथल्या तिथं फिरत राहतो. वाटतं की चाललोय, पण पाय जागचे हलत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, त्यातून आपलं आपण सुटता येत नाही. बाहेरच्यानं हात धरून ओढावं लागतं. काकांच्या तुरीत शूटिंग होतं. तूर डोक्याच्या वर गेलेली. बाईचं काम करायला कुणी मिळेना, म्हणून बालाजी म्हणाला, "अक्का, बहीण तूच हो."

एकच सीन. तो तुरीतून धडपडत बांधापर्यंत येतो, हात पुढं करतो. बांधावरची बहीण म्हणते, "माझं एवढं आवरू दे, मग नेते." आणि उभी राहते. तो पुन्हा तुरीत शिरतो. बालाजीनं मला एक गोष्ट बजावून सांगितली — हात असे पुढं धर, बोटं फाकवून, आणि हलवू नको. अझहर म्हणाला, हे काय नवीन? बालाजी म्हणाला, "राहू दे तसंच." मी वाक्य म्हटलं, उभी राहिले. एका दमात झालं. अझहरनं माझ्या ॲक्टिंगचं कौतुक केलं.

उन्हाळ्यात लग्न झालं. फोटोच्या आधी मी मेंदीच्या हातांनी बालाजीच्या डोळ्यांखाली क्रीम लावलं. नवरीनं भावाला सजवलं म्हणून बायकांना भरून आलं. पंधरा दिवसांनी तो मुराळी म्हणून मला माहेरी न्यायला निघाला, आणि अहमदपूरच्या स्टँडवर एसटीतून उतरताना कोसळला. तोंडाला फेस. कुणीतरी त्याच्या मोबाईलवरून मला फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा तो दवाखान्यात बेशुद्ध होता. मी त्याचा हात धरला, तो शुद्धीवर येईपर्यंत सोडला नाही. मग मीच त्याला लातूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं, दर आठवड्याला भेटायला गेले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. बालाजीनं तेव्हापासून गोळीला हात लावलेला नाही. लग्नाचे व्हिडिओ जोडतो, गाल भरलेत, उलट आता आईच त्याला कमी जेव म्हणते. आणि सासर-माहेर दोन्हीकडे एकच वाक्य — बहिणीनं वाचवलं. मी कधी खोडलं नाही. विचारलं कुणी, आधी का नाही नेलं, तर सांगायचे, 'तो तयारच नव्हता.'

गेल्या महिन्यात केंद्रात नातेवाइकांची सभा होती. बालाजीनं तिथं चकव्याचा पिक्चर लावला आणि समजावून सांगितलं — हा चकवा म्हणजे गोळी. माणूस रोज म्हणतो निघालो, निघालो, आणि तिथंच असतो. केंद्रातली पोरं हसत होती, पिठाचं भूत बघून. पण बांधावरचा सीन आला आणि हसू थांबलं. मागं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "कुठली बहीण असं म्हणंल रं?"

बालाजीनं माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "गोष्ट हाय मावशी. अशीच सुचली."

मग मला पुढं बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. मी घेतला.

आता सांगते. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, पिक्चरच्या आठवडाभर आधी, बालाजी पार्लरमध्ये आला होता. बाकी कुणी नव्हतं. मी स्वतःच्या नखांना पॉलिश लावून बोटं फाकवून बसले होते. तो समोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "अक्का, मला लातूरला नेऊन घाल. माझ्याच्यानं एकट्यानं होईना." आणि माझा हात धरायला हात पुढं केला. मी हात मागं घेतला. म्हणाले, "ओलं हाय, लागंल." मग म्हणाले, "माझं एवढं लग्न आवरू दे, मग नेते."

तो तयार होता. त्यानं स्वतः येऊन मागितलं होतं. मला भीती होती की साखरपुडा मोडेल, आणि मला तो मुलगा हवा होता. तुरीत उभी राहून तेच वाक्य म्हणताना मला ते ओळखू आलं होतं. बोटं का फाकवायची तेही कळलं होतं. तरी म्हटलं. नंतर पाच महिने तो तिथंच फिरत राहिला, आणि मी साड्या बघत होते. तो जगला, यात माझं काही नाही.

बरं वाटतंय. खोटं नाही सांगत, छातीवरचं काहीतरी उतरलंय. चार वर्षं हे वाक्य मी एकटी ऐकत होते, आता तुम्हीही ऐकलंत. हे सगळं लिहिलंय ती ही वही स्वयंपाकघरातल्या कट्ट्यावरच ठेवणार आहे. नवरा संध्याकाळी चहाला तिथंच बसतो. त्यानं काय म्हणावं हे त्याचं तो बघेल.

अहमदपूरला मी धरलेला हात बेशुद्ध माणसाचा होता. शुद्धीत असताना त्यानं पुढं केला, तेव्हा माझं नेलपॉलिश ओलं होतं.