चेंडू मला का लागत नव्हता

गुलाबभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी वाटलं, हा त्याचाच काहीतरी डाव असणार. दोन रविवार मी खेळायला गेलो नव्हतो, म्हणून मला घराबाहेर काढायला कुणाकडून तरी फोन करवला असेल... असं मनात यावं याची आज लाज वाटते. पण लोकांच्या अर्जांतली खोट शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. भला माणूस भेटला की मला आधी त्याचे कागद तपासावेसे वाटतात.

आणि गुलाबभाऊ तर जरा जास्तच भला दिसायचा. उमरेडच्या एसटीवर कंडक्टर होता. निवृत्त होऊन आमच्या गल्लीत आला आणि आल्या आल्या त्याने मागच्या मोकळ्या प्लॉटवर फरशीचे तुकडे रचून लगोरी मांडली. दर रविवारी सकाळी पोरं, त्यांचे आईबाप, आजे, सगळ्यांना हाका मारून गोळा करायचा. मी खिडकीतून बघायचो. साठी उलटलेला माणूस फुकट एवढी दगदग करतो? निवडणुकीला उभं राहायचं असेल, नाहीतर प्लॉटवर डोळा असेल! मग एकदा तो माझ्याच दारात आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात माझी बायपास होऊन सहा महिने झाले होते आणि घरचे मला लोणच्याच्या बरणीसारखं जपत होते. त्या जपण्याचा मला वीट आला होता. "येतो," मी म्हटलं, "पण मले कच्चा लिंबू करायचं नाही. आऊट म्हणजे आऊट." चिल्ल्यापिल्ल्यांना खेळात घेतात आणि बाद करत नाहीत, तसं मला नको होतं. मला पुन्हा धडधाकट माणसांत मोजलं जायचं होतं. "शब्द देतो गा," तो म्हणाला.

लगोरी फुटली की मी मान खाली घालून ती रचायला बसायचो. समोरची टोळी मुरमाने माखलेला चेंडू घेऊन मागून धावून यायची, पण तो मला कधी लागायचाच नाही. माझ्याच टोळीतला गुलाबभाऊ मात्र दर डावात आऊट. चार रविवार गेले, पाचव्याला माझं डोकं फिरलं.

"पोरायले तूच सांगतलं ना, याले मारू नका म्हणून?"

"नाही गा. कोणालेच काही सांगतलं नाही."

"मग मले चेंडू काहून लागत नाही?"

तो नुसता पाठ चोळत हसला. हसला म्हणजे लबाडी पक्की! मी त्याला सगळ्यांदेखत ढोंगी म्हणालो आणि घरी आलो. नंतर तो दारावर आला, तर मी कडीसुद्धा काढली नाही. आणि मग तो फोन.

तेरवीला त्याच्या घरी गेलो तेव्हाही माझा संशय फिटला नव्हता. शेजारची परी दहा वर्षांची, नेम पक्का. तिला बाजूला घेतलं. "खरं सांग वं, मले मारू नका असं ते म्हणाले होते ना?"

"नाही आबाजी! मी तर तुम्हालेच मारायची. पण ते दरवेळी मधात येऊन चेंडूकडे पाठ करायचे. मग तेच आऊट."

मी आत जाऊन बसलो. खुंटीवर त्याचा रविवारचा सदरा होता. त्याची बायको, आमच्या वहिनी, तो हातात घेऊन म्हणाल्या, "किती घासला, पण मुरमाचे डाग जात नाहीत. पहा ना, समोरून कोरा आणि पाठीवर सारे. काहून असं? त्यायले विचारलं की नुसते हसायचे..."

"ते माझे आहेत, वहिनी," मी म्हणालो.