शजऱ्यातलं शेवटचं नाव
लोबानाचा वास आला की मला ती दुपार आठवते. आई आयसीयूत होती, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि शेजारच्या खाला मला आमच्या अशोका गार्डन वस्तीतून रिक्षात घालून दर्ग्यात घेऊन आल्या होत्या. दर्ग्याची सेवा करणाऱ्या म्हाताऱ्या खादिमांनी शजरा, म्हणजे गुरुपरंपरेची यादी, उघडला आणि पैगंबरांपासून त्यांच्या स्वतःच्या पीरापर्यंत एकेका गुरूचं नाव सावकाश घ्यायला सुरुवात केली. मला कुठला धीर! "बाबा, थोडा जल्दी कीजिए ना," मी मध्येच बोललो. ते थांबले, आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरू झाले. खाला कुजबुजल्या, "टोको मत बेटा, एक ने दूसरे का हाथ थामा है, तुम्हारी दुआ इन्हीं हाथों से जाएगी." आईजवळ थांबलेल्या भावाचा फोन खिशात थरथरत होता, पण आता साखळी तुटायला नको म्हणून मी तो घट्ट दाबून धरला. सगळ्यात शेवटी खादिमांनी आईचं नाव विचारलं, ते घेतलं आणि हात वर केले. बाहेर येऊन मी फोन लावला, तर आई दहा मिनिटांपूर्वीच गेली होती. मी टोकलं नसतं तर दुआ वेळेत पोचली असती, हे अजून डोक्यातून जात नाही. त्या सगळ्या नावांतलं आज मला एकच आठवतं, शेवटी घेतलेलं.