रांगेत अडकलेला मेल

कारंज्याच्या भाजीबाजारात आवडाबाईला कुणी विचारलं, "पोरगी काय करते वं तुही?" तर तिचं उत्तर कित्येक वर्षांपासून ठरलेलं होतं. "कंप्युटरात हाय." त्यापुढे कुणी खोदून विचारलंच, तर ती मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडायला घ्यायची. तिला तरी काय नावं ठेवायची? रुचिका ज्या कंपनीत काम करते, तिथल्या निम्म्या लोकांनाही ती नेमकं काय करते ते सांगता आलं नसतं.

बायपासवर तो उद्योगसमूह आहे. डाळमिल, कापसाचं जिनिंग आणि बियाण्याचा कारखाना. चारशे माणसांना कंपनीचे ईमेल दिलेले. व्यापाऱ्यांचे भाव, बँकेचे निरोप, मेडशीच्या गोदामातली सोयाबीनची आवक, सगळं एका थंडगार खोलीतल्या दोन सर्व्हरमधून येतं-जातं, आणि ते सर्व्हर रुचिका सांभाळते. फसवे मेल दारातच अडवायचे, रोज सगळ्याची नक्कल काढून ठेवायची, आणि ती नक्कल वेळेला खरंच उघडेल ना, हे अधूनमधून उघडून पाहायचं. हे शेवटचं काम भलेभले टाळतात. रुचिका टाळत नाही. जिनिंगच्या मॅनेजरांनी बायकोचं नाव पासवर्ड म्हणून ठेवलं होतं. ते तिने बदलायला लावलं, तर त्यांनी सासूचं ठेवलं. तेही बदलायला लावल्यापासून ती दिसली की ते दुसऱ्या दाराने चहाला जातात.

मेल चालू असले की तिची कुणाला आठवण होत नाही. दहा मिनिटं बंद पडू द्या, मग बघा, सगळी कंपनी तिच्या खोलीपुढे गोळा! तिला याचं वाईट वाटत नाही. आपली आठवण कुणाला होत नाही म्हणजे आपलं काम चोख चाललंय, असा तिचा साधा हिशोब आहे.

आणि एक गोष्ट. तिच्या हातात असा अधिकार आहे की चारशेपैकी कुणाचीही मेलपेटी तिला उघडता येते. हिशोब विभागातल्या समीक्षाने एकदा लाडीगोडी लावून पाहिली. "सरायच्या मेलमंधी जरा पाय ना वं, माही बदली मंगरूळले होऊन राह्यली का?"

"तुही बदली तुले सरच सांगतीन," रुचिका म्हणाली. समीक्षा आठवडाभर तिच्याशी बोलली नाही. न बोलू दे!

हा ताठा आला कुठून, ते बघायचं तर गावाबाहेरच्या मळ्यात जावं लागेल. तिथे आवडाबाईची आणि तिचा चुलत दीर गजेंद्र याची विहीर सामाईक आहे. रुचिका शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मोटर चालवायची एक दिवस यांची बारी, एक दिवस त्यांची. त्या उन्हाळ्यात बांधावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. गजेंद्रची बारी आली आणि तो नेमका परगावी अडकला. इकडे आवडाबाईची वांगी माना टाकून उभी. विहिरीवर दुसरं कुणी नाही. आईने मोटर सुरू केली. रुचिकाला वाटलं, आता आई आपल्याकडे पाणी वळवणार. आवडाबाईने पदर खोचला, फावडं घेतलं आणि गजेंद्रच्या टमाट्याचे वाफे एकेक करून भरून दिले. आणि तो परत आल्यावर त्याला सांगितलं, "पाणी देऊन ठेवलं. बोलायचं नसंन तं बोलू नको." रुचिका तेव्हा आईवर फार चिडली होती.

यंदा कंपनीत कुजबुज सुरू झाली. मेलचं सगळं काम पुण्याच्या एका कंपनीला देऊन टाकायचं, सर्व्हरची खोली रिकामी करायची. मग रुचिकाचं काय? कँटीनमध्ये ती आली की विषय बदलायचा, यावरूनच तिने काय ते ओळखलं. वडील हिरालाल गेल्यापासून घर तिच्या पगारावर आणि आईच्या मळ्यावर चाललं होतं. कारंज्यात असं दुसरं काम मिळणार नव्हतं. गाव सोडायचं तर आई मळा सोडणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दोन सर्व्हरमध्येही तिचा जीव गुंतला होता.

एका दुपारी ती नेहमीप्रमाणे बाहेर जाणाऱ्या मेलची रांग तपासत होती. रांगेत एक मेल अडकलेला. पाठवणारे जनरल मॅनेजर हरीओम सर, पत्ता पुण्याच्या त्याच कंपनीचा. आतला मजकूर रांगेत दिसत नाही, पण विषय दिसतो. विषय होता : "मेलचे काम देण्यास मंजुरी, मुदत आज सायंकाळी पाच."

म्हणजे कँटीनमधली कुजबुज खरी होती.

मेल का अडकला हे पाहिलं, तेव्हा त्या अवस्थेतही तिला हसू आलं. समोरचा सर्व्हर खरंच त्या कंपनीचा आहे, हे पटवणारं एक सर्टिफिकेट असतं, सर्व्हरचं ओळखपत्रच म्हणा. त्याची मुदत संपली होती आणि पुणेकरांना त्याचा पत्ता नव्हता. ज्यांचं ओळखपत्र पटत नाही त्यांच्या हाती कंपनीचा मेल द्यायचा नाही, हा नियम रुचिकानेच घालून दिलेला. म्हणजे मेल नियमानेच थांबला होता. तिने हात लावायचीही गरज नव्हती. मेल अडकल्याची सूचना सरांना मिळेपर्यंत पाच वाजून गेले असते आणि सौदा बारगळला असता. कुणाला संशयसुद्धा आला नसता. चूक सगळी पुणेकरांची!

रुचिका खुर्चीला टेकून बसली. पंखे घूं घूं करत होते. आपल्या जागेवर दुसरं कुणी असतं तर काय केलं असतं, हे तिला चांगलंच माहीत होतं. मोहही झाला, का होऊ नये? पण हाच मेल डाळीच्या भावाचा असता तर आपण एव्हाना काय केलं असतं, हेही तिला माहीत होतं.

तिने फोन उचलला आणि पुण्याला लावला. पलीकडच्या माणसाला आधी पटेना. मग त्याने तपासलं, चपापला, आणि नवीन सर्टिफिकेट बसवायला धावला. रुचिका रांगेवर नजर ठेवून होती. पाचाला थोडा वेळ असताना तिने मेल पुन्हा सोडला. गेला.

मग ती उठून थेट हरीओम सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, तुमचा पुण्याचा मेल अडकला होता. आता पोचला. विषय दिसला मला. आतलं वाचलं नाही."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग ऑफिसातली मराठी बाजूला ठेवून म्हणाले, "थांबवला असता तर मले कळलंबी नसतं."

"नसतं कळलं."

"मंग काहून पाठवला?"

"तुमचा होता सर. माझा नव्हता."

सरांनी मंजुरी काही मागे घेतली नाही, व्यवहार तो व्यवहार. पुढे पुण्याची माणसं आली, सर्व्हर बंद झाले, मेलपेट्या पुण्याच्या यंत्रणेत गेल्या. रुचिकाने एकही मेल हरवू न देता त्या हलवून दिल्या आणि टेबल आवरायला घेतलं. शेवटच्या बैठकीत पुणेकरांनी विचारलं, नव्या यंत्रणेत सगळ्यांच्या मेलपेट्या उघडण्याचा अधिकार एका माणसाकडे लागतो, तो आमच्याकडेच ठेवायचा ना?

"नाही," हरीओम सर म्हणाले. "तो हिच्याकडे राहील. ही इथेच राहील." हिशोबाचे कागद घेऊन कोपऱ्यात बसलेल्या समीक्षाने सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.

रुचिकाने घरी येऊन आईला सगळं सांगितलं, अगदी अडकलेल्या मेलपासून. आवडाबाई शेंगा निवडत ऐकत होती. "ज्याचं त्याले द्याच लागते," एवढंच म्हणून ती उठली. रुचिका जरा हिरमुसली.

रविवारी ती आईला न्यायला बाजारात गेली. गिऱ्हाइकांची गर्दी होती, म्हणून स्कूटर लावून मागेच उभी राहिली. एका बाईने कोथिंबीर घेता घेता विचारलं, "पोरगी काय करते वं तुही?"

मेथीवर पाणी शिंपडायचं सोडून आवडाबाईने मान वर केली आणि चार दुकानांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कंपनीतल्या चारशे लोकायचे कागद माह्या पोरीच्या हातात हायेत. पण एकबी उघडून पायत नाई!"