ढब्बू पैशावरची हळद

जळगावला एका गृहस्थांनी जुन्या नाण्यांचं संग्रहालय काढलंय. माझं शिक्षण बेताचं, मला नाण्यांतलं काय कळणार? पण तिथल्या एका ढब्बू पैशाचं जे झालं ते माझ्या हातून झालं, म्हणून सांगते.

तांब्याचा तो जाडजूड पैसा आमच्या सोनगीरच्या घरातला. तिथे माझी थोरली जाऊ राहते, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. मी धुळ्यात. आमच्याकडची रीत अशी, की नवी सून घरात आली की आधी देवघरातल्या त्या पैशाला हळदकुंकू लावायचं. पुसायचं नाही, धुवायचं नाही; आधीच्या सुनांनी लावलेलं आहे त्यावरच आपलं लावायचं. असं करत करत एवढा थर चढला होता की खाली राजाचं तोंड आहे की नुसती अक्षरं, काही दिसायचं नाही.

आता लग्नं हॉलात लागतात आणि सुना तिथूनच पुण्याला जातात. संग्रहालयवाले भाऊ गावोगाव फिरत अक्काकडे आले आणि तो पैसा बघून हरखलेच. अक्काने विचार केला, इथे देवघरात एकटा पडलाय, तिथे चार माणसं बघतील तरी. माझी लेक जळगावला, म्हणून पोचवायचं काम माझ्याकडे आलं.

आणि मी काय करावं? चार लोकांत जाणारी वस्तू अशी मळकट कशी द्यायची, आपल्या घराला नावं ठेवतील, म्हणून दिवाळीची भांडी घासतो तसा चिंच-मीठ लावून घासला. लख्ख निघाला. मला तर बाई कौतुकच वाटलं स्वतःचं.

भाऊंनी तो तळहातावर घेतला आणि उलटासुलटा करून पाहिला. मग हळूच म्हणाले, "काकू, असे पैसे माझ्याकडे खणभर आहेत. मला त्यावरची हळद हवी होती."

तेव्हा कळलं मी काय करून बसले ते. अक्काला सांगू नका, एवढं मात्र विनवलं. नाही सांगणार म्हणाले, आणि पैसा तसाच काचेत ठेवून घेतला.

पुढे अक्काने तो बघायचा हट्टच धरला. मी तिच्या गुडघ्यांचं कारण काढलं, एसटीच्या गर्दीचं काढलं, पण ती कसली ऐकते. गेलो दोघी. काचेला नाक लावून तिने पाहिलं, चष्मा पुसून परत पाहिलं. मग भाऊंकडे वळली.

"हाऊ मना पैसा नही शे. गोड बोलीसन लई गयात नि बदली टाका."

आजूबाजूची माणसं बघायला लागली. भाऊंचा चेहरा उतरला, पण ते काही बोलले नाहीत. त्यांनी मला शब्द दिला होता ना. एकदा फक्त माझ्याकडे पाहिलं. एवढा भला माणूस माझ्यापायी चोर ठरत होता. शेवटी मीच बोलले.

"अक्का, त्यांनी नाही बदलला. मी घासला."

मला वाटलं आता फाडून खाईल. पण ती एवढंच म्हणाली,

"मंग तुनी हळद बी गयी ना त्यामा."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अक्काची गेली, सासूबाईंची गेली, याचाच मला घोर लागला होता. सगळ्यांच्या वर थोडी माझीही होती की.

निघताना अक्काने भाऊंना हात जोडले. 

सोनगीरला पोचल्यावर पुण्याहून आलेल्या तिच्या सुनेने संग्रहालयात काढलेला माझ्या मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि विचारलं, पैसा एवढा कसा चमकतोय?

"तठे काचमा बठ्ठंच चमकस," अक्का म्हणाली, काचेत काय सगळंच चमकतं म्हणे, आणि तिला चहा ठेवायला पिटाळलं.

मी तिथेच बसले होते. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चहा आला, तो घेतला, आणि काही बोलले नाही.