मान्याची तबकडी आणि बाकीच्यांची मतं

रागीट माणूस जवळ असला की किस्से जमवायला कष्ट पडत नाहीत. डार्मश्टाटला पीएचडी करणारे आम्ही सहा-सात मराठी लोक रविवारी कुणाच्या तरी किचनमध्ये पोहे खायला जमायचो आणि दर वेळी मान्याच्या नावावर एखादा नवीन किस्सा जमा झालेला असायचा. सुनील माने, कराडचा, माझा फ्लॅटमेट. त्याचे निम्मे किस्से एकाच तबकडीचे. शिकागोच्या एका काळ्या गायकाचा जुना इलेक्ट्रिक ब्लूज अल्बम. 'सर्वोत्तम' म्हणून छापलेल्या प्रत्येक यादीत तो असायचा, आणि मान्याच्या डोक्यात तिडीक जायची ती तिथेच.

*

तबकडी घेतली त्या दिवशीच सुरुवात झाली. जुन्या रेकॉर्ड्सच्या दुकानात मान्याने ती काउंटरवर ठेवली. मालकाने आधी तिच्याकडे, मग मान्याकडे पाहिलं.

"भारतीय संगीत मागच्या रॅकवर आहे."

"मला हीच हवी आहे."

"ही कळायला थोडी पार्श्वभूमी लागते," मालक समजुतीच्या सुरात म्हणाला.

मान्याचे कान लाल झाले. त्याचं जर्मन यथातथाच, पण रागात व्याकरण सुधारायचं. "तुम्ही शिकागोचे का?"

"नाही, मी इथलाच."

"मग आपण दोघंही परकेच. पिशवी द्या."

*

त्याच्या लॅबमधला टोबियास एकदा जेवताना म्हणाला, "इतिहासातला सर्वांत महान ब्लूज अल्बम. वादच नाही."

मान्या खूश. "दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं कसं वाटतं?"

"दुसरी बाजू? माझ्याकडे सीडी आहे."

"बरं, सातवं गाणं."

टोबियास बटाटे चिवडत राहिला. "आल्झो... म्हणजे... अजून वरचं प्लास्टिक काढलेलं नाही."

"कधी घेतलीस?"

"झाली तीन-चार वर्षं. असा अल्बम घरात असायला हवा ना."

पुढचे दोन आठवडे मान्या एकटा जेवला.

*

मग या अल्बमवर गावात एक व्याख्यान झालं. वक्त्याने तासभर त्याचा प्रभाव समजावला. पडद्यावर एकामागून एक गोरे, लांब केसांचे गिटारवाले. शेवटी मान्या उभा राहिला.

"ज्याचा अल्बम आहे, त्याचा एकही फोटो नाही?"

"वेळ कमी होता," वक्ता म्हणाला.

मान्या तडक बाहेर पडला. मीही उठलो. घराची किल्ली त्याच्याकडे होती.

*

आणि फ्राऊ वेबर. आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या, सत्तरीला टेकलेल्या. रविवारची दुपार, म्हणजे जर्मनीत भिंतीत खिळाही ठोकायचा नाही अशी वेळ, आणि त्या दारात. मान्याने भांडणाच्या तयारीनेच दार उघडलं.

"आवाज कमी करतो."

"आवाजाचं नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा प्लेअर जोरात पळतोय. ते गाणं इतक्या घाईचं नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांना आत बसवलं. तरुणपणी त्या इथे तळ असलेल्या अमेरिकन सैनिकांच्या क्लबात याच गाण्यांवर नाचल्या होत्या. एका काळ्या सैनिकाने त्यांना ही तबकडी भेट दिली होती. वडिलांना ती सापडली. त्यांनी ती मुलीसमोरच गुडघ्यावर धरून मोडली आणि त्या सैनिकाला भेटायला बंदी केली.

"मग पुन्हा भेट?" मी विचारलं.

"नाही."

मान्याने प्लेअरवरची तबकडी उचलली, कव्हरमध्ये घातली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही तुम्ही ठेवा."

"माझी आहे माझ्याकडे."

त्या आम्हाला खाली घेऊन गेल्या. कपाटातून तेच कव्हर काढलं, पार पिवळं पडलेलं. आत दोन तुकडे. ते हातात धरून बोलताना त्यांचा आवाज कापत होता, पण रडू नव्हतं त्यात. राग होता.

"काल भावाच्या पंचाहत्तरीला गेले होते. हल्ली तोही पाहुण्यांना सांगतो, हा अल्बम किती थोर आहे. म्हणे आमच्या घरात तो पहिल्यापासून होता."

"तुम्ही काय म्हणालात?" मान्याने विचारलं.

"म्हटलं, होता ना. दोन तुकड्यांत."