बिरा खरातचं पोट

माझं शेवटचं पोस्टिंग कुपवाडला झालं. सरहद्दीवर नव्हे, सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीच्या गेटवर. १९९१ साली पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि पुढच्याच महिन्यात तिथं वॉचमन झालो. कागदावर ‘सिक्युरिटी सुपरवायझर’ असं होतं. काम एवढंच, की सकाळी लुना आणि सायकली आत सोडायच्या, संध्याकाळी बाहेर सोडायच्या आणि शेठची गाडी आली की उठून सॅल्यूट करायचा. शेठ पेपर वाचत असायचे. त्याला सॅल्यूट म्हणायचं तर माश्या हाकलण्यालाही कवायत म्हणावं लागेल.

वर्दी निळी होती. खांद्यावर पिवळी दोरी. ती दोरी कशाबद्दल मिळते, हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं. लग्नातल्या बँडवाल्यांच्या खांद्यावर अगदी तशीच असते.

मागच्या गेटवर नाईक बिरा खरात होता. म्हसवडकडचा, घरची मेंढरं राखून भरती झालेला. पलटणीत तो माझ्याच सेक्शनमध्ये वायरलेस सेटवर होता. सिक्कीममध्ये सेट पाठीवर घेऊन चढ चढताना तो बोलायचा, पण त्याला धाप लागत नसे. कंपनी कमांडर म्हणायचे, हा खरात कुठंतरी बसून बोलतोय असं वाटतं. माझ्यामागून त्याच वर्षाअखेर तोही पेन्शनीत आला, आणि मीच त्याला कुपवाडला चिकटवला.

फाउंड्रीनं आम्हा दोघांना हातातले वॉकीटॉकी दिले होते. स्वस्तातला माल. तरी आम्ही त्यावर पलटणीसारखंच बोलायचो. मी दर तासाला विचारायचो, “मागचं गेट, रिपोर्ट.” तिकडून उत्तर यायचं, “ठीक हाय, ओव्हर.” त्या दिवसभरात शिस्तीचं म्हणावं असं तेवढंच काय ते होतं.

बाकी बसणं. खुर्चीवर बसणं, चहा, भडंग, पुन्हा बसणं. चार वर्षांत माझं पोट पट्ट्याच्या वर आलं आणि मग पट्ट्यावरून खाली लोंबायला लागलं. तुम्हा सिव्हिल लोकांची एक गंमत आहे. माणूस फुगला की तुम्ही म्हणता, तब्येत सुधारली. माझ्या सासऱ्यांनी तर चारचौघांत माझ्या पोटावर थाप मारून सांगितलं, “आमचे जावई आता कुटं मानसात आले.” म्हणजे सतरा वर्षं मी जनावरांत होतो.

पलटणीत पीटी माझ्याकडे असायची. दोन महिन्यांच्या रजेवरून फुगून आलेल्या जवानाला मी एका नजरेत ओळखायचो. त्याला सगळ्यांच्या पुढं उभा करायचो आणि विचारायचो, “सासुरवाडीचं सामान इथं कशाला आणलंस?” आणि ते सामान उतरेपर्यंत पळवायचो. आता आंघोळीच्या वेळी खाली बघितलं की पायाचे अंगठे दिसत नव्हते. मी खाली बघणं सोडून दिलं. न्हाणीघरातला आरसाही बायकोला काढायला लावला. दाढी अंदाजानं करायचो आणि हनुवटी कापून घ्यायचो.

१९९५च्या पावसाळ्यानंतर बातमी आली. माजी सैनिकांना पहाऱ्याच्या कामासाठी पुन्हा फौजेत घेणार होते. थंडीत साताऱ्याला धाव, मग माप, मग डॉक्टर. निवृत्तीनंतर किती वर्षांच्या आत जाता येतं याला मर्यादा होती, आणि आमच्या दोघांची मुदत त्या वर्षात संपत होती. पुढच्या वर्षी आम्ही कायमचे सिव्हिल होणार होतो.

दुपारी बिरा पुढच्या गेटवर आला. उभाच राहिला.

“हवालदार, ऐकलं का?”

“ऐकलं.”

“ह्या बँडवाल्याच्या दोरीत जल्म काढायचा व्हय?”

“पोट बघितलंस का स्वतःचं?”

“बघितलं की. तुमचं बी बघितलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवनगरच्या रस्त्याला आम्ही धावायला लागलो. आणि इथं आम्ही ती चूक केली, जी फक्त आमच्यासारखेच करतात. साधा माणूस चालण्यापासून सुरुवात करतो. आम्ही जिथं सोडलं होतं तिथूनच धरलं. पलटणीतला वेग, पलटणीतलं अंतर. हुकूम दिला की शरीर ऐकतं, अशी आमची समजूत होती. शरीरानं पहिल्या द्राक्षबागेपर्यंत ऐकलं. तिथं मी बांधाला धरून ओकलो. बिरा रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याच्या तोंडातून नुसती शिट्टी वाजत होती. पहिल्या पाळीचे कामगार लुनावरून चालले होते. एकानं वेग कमी करून विचारलं, “मामा, येस्टी चुकली काय?” मी पलटणीत असतो तर त्याला लुना खांद्यावर देऊन पळायला लावला असता. त्या वेळी मला उत्तर द्यायलाही श्वास नव्हता.

मग कुणीतरी सांगितलं म्हणून सांगलीत एका हेल्थ क्लबात गेलो. चारी भिंतींना आरसे. मालक कधीकाळी तालमीत होता म्हणे. आता त्याचे दंड आणि पोट एकाच मापाचे झाले होते. पोरं आरशासमोर दंड फुगवत होती, सोडत होती, पुन्हा फुगवत होती. ओझं उचलून कुठं न्यायचं नाही, जिथल्या तिथं ठेवायचं, असला तो व्यायाम. मालकानं बिराला एका यंत्रापुढं उभं केलं, कमरेमागून रुंद पट्टा घातला आणि बटण दाबलं. बिराचं पोट थरथरायला लागलं. आरसे चार, म्हणून पोटंही चार.

“चरबी वितळतीया,” मालक म्हणाला.

“वितळून जाती कुटं?” बिरानं विचारलं.

मालकानं यंत्र बंद केलं. आम्ही परत तिकडं गेलो नाही. पण बाहेर आल्यावर बिरा रस्त्यातच थांबला. मग म्हणाला, “हवालदार, मी आसा दिसतो व्हय सगळ्यांस्नी?” मी म्हणालो, “दिसतोस.” खोटं बोलायची मला सवय नाही.

हळूहळू सुधारणा झाली. पहिल्या बागेच्या पुढं गेलो, मग ओढ्यापर्यंत. मी पुढं, तो मागं. मागं वळून बघायचं नाही हा माझा जुना नियम, म्हणून पळता पळता ओरडायचो, “खरात, रिपोर्ट.” मागून यायचं, “ठीक हाय, ओव्हर.” धाप लागायची, पण आवाज यायचा. वेळ जमायला लागली होती. पोट मात्र जिथल्या तिथं होतं.

त्यातच साताऱ्याला जाऊन आलेल्या एकानं कुपवाडला अफवा आणली. भरतीचे सुभेदार साहेब धावायच्या आधीच रांगेतून फिरतात आणि ज्याचं पोट दिसेल त्याला काठीनं बाहेर काढतात. मला ती अफवा पटली. मीही तेच केलं असतं.

एका सकाळी फाउंड्रीच्या नळावर बिरानं बनियन काढलं आणि मी बघतच राहिलो. छातीखालपासून कमरेपर्यंत जुन्या लुगड्याचे वेढे. हिरवे काठ. आमच्याकडं बाळंतिणीचं पोट असंच बांधतात, सुटलेलं पोट जागेवर यावं म्हणून. त्याच्या बायकोला, हिराबाईला, तिच्या सासूनं तीन वेळा बांधलं होतं. आता हिराबाईनं नवऱ्याला बांधलं होतं.

“बाळंत झालास काय रं? मुलगा का मुलगी?”

तो हसला. “हसा तुमी. काठी तुमच्या पोटाला लागंल, माज्या न्हाई.”

“श्वास कसा घेतोस?”

“वरच्या वर.”

“काढ ते. पळताना हे अंगावर चालणार नाही. हा हुकूम आहे.”

“काढतो,” तो म्हणाला. नोकरीत त्यानं माझा एकही हुकूम मोडला नव्हता, म्हणून मी पुन्हा तपासलं नाही.

भरतीच्या आधी तो हिराबाईला घेऊन दोन दिवस गावी गेला. तो म्हसवडहून पहाटेच्या एसटीनं आणि मी सांगलीहून, असे साताऱ्याला भेटलो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं मैदान. थंडी चांगली होती. जिल्ह्यातली सगळी पोटं तिथं जमली होती. कुणी श्वास ओढून उभा, कुणी स्वेटरच्या घड्या पुढं घेऊन. ज्यांनी एकेकाळी पहाड चढले ते लोक चहाच्या गाडीपासून रांगेपर्यंत येताना थांबत होते. मला त्यांची कीव आली नाही, शिसारी आली. मी त्यांच्यातलाच होतो, म्हणून जास्त आली.

सुभेदार खरंच काठी घेऊन आले. काठी पोटाला लावायची आणि म्हणायचं, “तू. बाहर.” माझ्यासमोर थांबले.

“साँस छोड, हवालदार.”

मी सोडला. पोट पुढं आलं. सुभेदारांनी ते बघितलं, पळून घट्ट झालेल्या माझ्या पोटऱ्यांकडं बघितलं आणि काठी न लावता पुढं गेले. बिरासमोर ते पुन्हा थांबले. बिरा सपाट होता. फळीसारखा.

“शाबाश. सब इसको देखो,” सुभेदार म्हणाले.

सगळ्यांनी बघितलं. बिराचा चेहरा असा फुलला होता की पलटणीतही मी तसा बघितला नव्हता. मी हळूच विचारलं, “काढलंस ना?”

“व्हय. काढलं.”

त्याच वेळी शिट्टी झाली.

मैदानाला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी ओरडलो, “खरात, रिपोर्ट.”

“ठीक हाय, ओव्हर.”

दुसऱ्या फेरीत थोड्या वेळानं आलं, “ठीक हाय. ओव्हर.” तिसऱ्या फेरीत “ठीक हाय” एवढंच आलं, पुढचा शब्द आला नाही. आम्ही वेळेच्या आत होतो. शेवटच्या फेरीच्या वळणावर मी पुन्हा ओरडलो. मागून काहीच आलं नाही. आणखी एकदा ओरडलो. मग मी माझा नियम मोडला आणि मागं वळलो.

तो पालथा पडला होता. मी उलटा पळायला लागलो. सुभेदार ओरडले, “रुकना नहीं! रुका तो फेल!” मी त्याला उताणा केला. ओठ निळे. शर्ट वर केला तर आत हिरवे काठ. पाठीमागं गाठ मारलेली होती, आणि ती घामानं इतकी आवळली होती की बोटांनी सुटेना. दातांनी सोडवली. वेढे काढायला लागलो. ते संपेनात. भोवती लोक जमले. त्यातला एक हसला. “आयला, ह्यो लुगडं नेसून आलाय!”

त्या माणसाचं तोंड मी विसरलेलो नाही. काठीनं बाहेर काढलेल्यांपैकी तो एक होता. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटलेली होती. बोलण्याच्या लायकीचा तो नव्हता. मी कापड गुंडाळलं आणि माझ्या पिशवीत तळाशी कोंबलं.

जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “हार्ट. पोहोचायच्या आधीच गेलेले आहेत.” मी विचारलं, दुसरं काही? ते म्हणाले, या वयात एकदम पळायला लागलं की असं होतं. मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो. ती उघडली नाही.

माझ्या नावापुढं नापास लागलं. थांबला तो नापास. नियम बरोबर आहे.

संध्याकाळ व्हायच्या आत त्याला गावी नेलं. अंगण भरलं होतं. आंघोळ घातली. हिराबाईनं ट्रंकेतून ऑलिव्ह ग्रीन वर्दी काढून आणली. इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा होत्या.

“भावजी, ही घालूनच न्या त्यास्नी.”

मी शर्ट घातला. बटणं लागेनात. दोन्ही कडांच्या मध्ये वीतभर अंतर राहत होतं. आता पोट बांधलेलं नव्हतं. अंगणातले लोक माना उंचावून बघत होते. मी सगळ्यांना बाहेर काढलं. फक्त हिराबाई राहिली.

“भावजी, सकाळी मीच बांदलं. म्हनले, लय आवळ. त्यानंच…”

“नाही,” मी म्हणालो. “त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट होतं. लिहूनसुद्धा दिलंय.”

“खरं सांगताय?”

“मी खोटं बोलत नाही, वहिनी. तुम्हाला ठाऊक आहे.”

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मी दाढीचं ब्लेड मागितलं. बिराला कुशीवर वळवून वर्दीचा शर्ट पाठीमागून कॉलरपासून खालपर्यंत चिरला. पँटही मागून चिरली. मग त्याला उताणा केला आणि पुढची सगळी बटणं लावली. एकही ताणलं गेलं नाही. नाईकच्या दोन फिती दंडावर सरळ बसल्या. हिराबाईनं कॉलर नीट केली.

लोक आत आले. एक म्हातारा म्हणाला, “आरं, ह्यो तर भरती झाल्ता तवा हुता तसाच दिसतुया.” मागचे दोघंतिघं व्हय व्हय म्हणाले. ह्याच लोकांनी चार वर्षं त्याच्या पोटावर थापा मारल्या होत्या.

भरतीच्या मैदानावर पडलेल्याचं नाव कुठल्या दगडावर कोरत नाहीत, आणि मी ते कोरा असं कुणाला म्हणायला गेलो नाही. तिरडीवरून चितेवर ठेवताना चौघांनी त्याला धरलं. डोक्याकडं त्याचा भाऊ, पायाकडं दोघं चुलतभाऊ. उघड्या पाठीखाली मी हात घातले, आणि पाठ लाकडाला टेकेपर्यंत काढले नाहीत.