बंगलीच्या पोटाखाली

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, एकदा घराला चाकं लावायची हुक्की आली. कचेरीत कुणा साहेबाचं जुनं इंग्रजी मासिक येऊन पडलं होतं. त्यात एक चित्र होतं: मोटारीच्या मागे जोडलेली खोली, खोलीला खिडक्या, खिडक्यांना पडदे, आणि बाहेर गवतावर साहेब, मडम आणि दोन पोरं चहा पितायत. दादांनी ते पान घरी आणून जेवताना सगळ्यांना दाखवलं. साहेबाचं कुटुंब चार माणसांचं. आमच्याकडे काका-काकू, त्यांची पोरं, आम्ही भावंडं, थोरला भाऊ आणि वहिनी धरून बारा माणसं. हा फरक दादांच्या डोक्यात शिरलाच नाही.

मोटार आमच्याकडे कुठली असायला? दादांनी एका मोडीत निघालेल्या सर्व्हिस मोटारीचं, म्हणजे उतारूंच्या बसचं, वरचं खोकं विकत घेतलं, सुताराकडून त्याला फळ्यांची जमीन करून घेतली, खाली चार चाकं लावली आणि ओढायला दोन बैलजोड्या ठरवल्या. तिला ते बंगली म्हणत. रंग हिरवा. निघायच्या दिवसापर्यंत तो वाळला नव्हता, आणि त्याचा उग्र वास आळीच्या टोकापर्यंत यायचा. भोरातली निम्मी माणसं येऊन आत चढून, बसून, उतरून गेली. प्रत्येकाला दादा तीच माहिती सांगत आणि प्रत्येकजण उतरताना धोतराला हिरवा पट्टा घेऊन जाई.

दादांनी म्हणे सगळ्याचा विचार केला होता. देवांची पेटी कोपऱ्यात खिळ्यांनी पक्की केलेली. सोवळ्याच्या लुगड्यासाठी वेगळी वळणी. लोणच्याची बरणी हलू नये म्हणून फळीत खाच. काकांच्या तपकिरीच्या डबीसाठीसुद्धा कोनाडा. जमिनीच्या फळ्यांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी मुद्दाम ठेवलेल्या, म्हणजे वरून पाणी ओतलं की धुऊन निघेल. खाली, चाकांच्या आसांना, दोरखंडाची एक मोठी झोळी टांगली होती, बैलांच्या पेंढ्यासाठी. फक्त एका गोष्टीचा विचार कुणी केला नव्हता. घरात एवढ्या बायका असताना तो कसा केला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

जायचं होतं वरंधा घाटाच्या तोंडापर्यंत. हे ठिकाण वहिनीमुळे ठरलं होतं. तिचं माहेर घाटाखाली, महाडच्या बाजूला. लग्न झाल्यापासून दोन वर्षं तिनं आईचं तोंड पाहिलं नव्हतं. तिची आई विधवा, तिचा सोवळ्याचा कडकपणा आमच्या आईलाही भारी पडेल असा. निरोप गेला होता की आम्ही घाटाच्या तोंडाशी मुक्काम करू, तुम्ही वर या. त्या दिवसापासून वहिनीचे पाय जमिनीवर नव्हते. ती सतरा वर्षांची होती, मी तेरा. विहिरीवर मला विचारायची, "आई मला ओळखेल ना गं? मी वाळलेय फार."

सकाळी निघालो आणि गाव मागे पडायच्या आत मला मळमळायला लागलं. रंगाचा वास, आसाच्या वंगणाचा वास, रात्री तळलेल्या पुऱ्यांचा वास, आणि बारा माणसांचा. बंगली नुसती पुढे जात नव्हती, ती डुलत होती. काकूच्या मधल्या मुलानं पहिल्या चढालाच गूळ-शेंगदाणे ओकले, थेट आईच्या पायावर. त्याला पाहून धाकटीनं सूर धरला. काका तपकीर ओढत आणि शिंकत, आणि शिंकल्यावर हात बाकाला पुसत. माझी वेणी ओल्या रंगाला चिकटली ती ओढून काढावी लागली. दादा मात्र खिडकीतून बाहेर बघत म्हणत होते, "हवा कशी छान लागते बघा." मला त्या क्षणी त्यांना बाहेर ढकलून द्यावंसं वाटलं, हे मी लपवत नाही.

दुपारी नीरेच्या काठाला थांबलो. वहिनी आईजवळ गेली, चार हातांवर थांबली आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. आईचा चेहरा आंबट झाला. पोरांना सांगितलं, वहिनीला कावळा शिवलाय, लांब राहा. काकूचा मधला म्हणाला, "खिडक्या तर बंद होत्या, कावळा आला कुठून?" त्याला एक धपाटा मिळाला.

मग सुरू झाली खलबतं. तीन दिवस बाहेर बसायचं म्हटलं तर बसायचं कुठं? बंगलीला एकच जमीन, आणि त्याच जमिनीवर देवांची पेटी. एका फळीला शिवलं की सगळ्याला शिवलं. काकांचं म्हणणं, लोखंडी पट्टीपलीकडे विटाळ जात नाही. दादांचं म्हणणं, पट्टी फळीलाच ठोकलेली आहे. पाऊण तास दोन शहाणी माणसं, पोटात पुऱ्या गेलेली, खिळ्यातून विटाळ पुढे सरकतो का यावर बोलत होती. माघारी फिरायचं कुणी नाव काढेना, कारण सगळ्या भोरानं निरोप दिला होता. गाडीवानाशेजारी पुढे बसवणं शोभत नव्हतं. मी म्हटलं, आम्ही दोघी मागून चालतो. दादा म्हणाले, "सून गाडीमागून चालताना दिसली तर गावोगावचे लोक काय म्हणतील?"

आणि मग त्यांना झोळी सुचली. ती आसाला टांगलेली होती, फळ्यांना नव्हे. शिवाय खाली असल्यामुळे कुणाला दिसणारही नाही. दादा स्वतःवर एवढे खूश झाले की त्यांनी काकांना टाळी दिली.

वहिनी वाकून खाली गेली आणि पेंढ्यात अंग चोरून बसली. चाकं फिरायला लागली तशी धूळ तिच्या तोंडावर उडायला लागली. गाडीवान हिर्डोशीकडचा शेतकरी, तोही चिडला, पण दुसऱ्याच कारणानं. म्हणाला, "दादासाब, पेंढा वाया गेला बगा. मानसानं तुडीवला की बैल त्वांड लावायचे न्हाईत. आता हितं दुसरा आनू कुठनं?" दादांनी त्याला पेंढ्याचे जादा पैसे कबूल केले.

संध्याकाळच्या मुक्कामाला मी तिला पत्रावळीवर भाकरी द्यायला गेले. वरून टाकायची, हात लागू द्यायचा नाही. मी तिच्यावर चिडले होते. म्हटलं, "सांगितलंस कशाला? गप्प बसली असतीस तर कुणाला कळणार होतं?"

"देव होते गं आत," ती म्हणाली.

ती भाकरी मोडत होती, खात नव्हती. मग म्हणाली, "या सगळ्याचं मला काही नाही. आईचं वाटतं. ती एवढा घाट चढून येईल आणि लांब उभी राहील. माहेरी असताना एकदा मी बाहेरची होते आणि ताप चढला होता. तेव्हा औषधाची वाटी तिनं काठीनं सरकवली होती माझ्याकडे. ती शिवायची नाही मला. दोन वर्षांनी येतेय, आणि शिवायची नाही." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि मला जवळ जाता येईना.

रात्री आम्ही वर कोंबड्यांसारखे एकमेकांवर निजलो आणि ती खाली पोत्यावर. थंडीचे दिवस होते.

दुसऱ्या दिवसाचं लिहिताना अजून अंगावर शिसारी येते. पोरांची पोटं बिघडली होती. त्यांना उतरवायला बंगली थांबवायची तर चार बैल थांबवायचे, म्हणून काकूनं धाकटीला तिथंच कोपऱ्यात बसवलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. फटी ठेवल्याच होत्या. ते पाणी आणि त्याबरोबरचं सगळं झरझर खाली गेलं. खालून काही आवाज आला नाही. मी पालथी पडून फटीतून पाहिलं. वहिनीनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला होता आणि पदरावरून ओघळ चालले होते. मी ओरडले. आई म्हणाली, "ओरडतेस काय? चौथ्या दिवशी न्हाणारच आहे ती."

मी भावाकडे गेले. तो बरोबर वहिनीच्या डोक्यावरच्या बाकावर बसून काकांशी पत्ते खेळत होता. त्याला म्हटलं, खाली बघ तरी. तो पानं लावत म्हणाला, "हळू बोल, दादा ऐकतील." माझा तो भाऊ पुढे फार सज्जन म्हणून नावाजला गेला. कुणी त्याची स्तुती केली की मी उठून आत जात असे.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटाच्या तोंडाशी पोचलो. समोर सगळं कोकण धुरकट पसरलेलं. बंगली एका सपाटीला लावली, दादांनी बाहेर सतरंजी अंथरली आणि त्या चित्रातल्यासारखा चहा मांडला. वहिनी बंगलीखालीच पोत्यावर बसून राहिली. तिनं तोंड तेवढं धुतलं होतं आणि तुटक्या फणीनं पुढचे केस सारखे केले होते. पेंढा तर केसाकेसात. आणि वास येत होता तिला. मला तिची किळस येत नव्हती, पण वास येत होता हे खरं.

उन्हं कलताना तिची आई वर आली, धाकट्या दिराला सोबत घेऊन. तांबडं आलवण, अनवाणी, हातात कपड्यात बांधलेलं गाठोडं. दम लागला होता तरी ताठ होती. दादा सतरंजीवरून उठले. "या, या विहीणबाई. आधी आत चढून बंगली पाहा, मग चहा."

त्या आमच्यात आपली मुलगी शोधत होत्या. आईनं लांबूनच सांगितलं, "सूनबाई बाहेरची आहे. तिसरा दिवस."

विहीणबाई जागच्या जागी थांबल्या. मी वहिनीकडे पाहिलं. तिनं मान गुडघ्यात घातली होती, म्हणजे आई लांब उभी राहिलेली तिला दिसायला नको.

"कुठाय?" त्यांनी विचारलं. मी बोट केलं.

त्या वाकल्या. खाली किती वेळ पाहत होत्या कोण जाणे. मग सरळ झाल्या, गाठोडं बाजूच्या दगडावर नीट ठेवलं, आलवणाचा पदर खोचला आणि गुडघ्यांवर रांगत बंगलीखाली शिरल्या. शेण, पेंढा, चिखल, काही पाहिलं नाही. वहिनीजवळ बसल्या आणि तिचं डोकं ओढून मांडीवर घेतलं. वहिनी "आई, नको, शिवशील" म्हणत मागे सरत होती. त्यांनी तिला दाबून धरली आणि केसांतल्या काड्या एकेक काढायला लागल्या.

"अहो विहीणबाई, शिवलात!" आमची आई म्हणाली.

"शिवले," त्या खालूनच म्हणाल्या. "बरं झालं. आता तुमच्या बंगलीत चढायला नको."

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, वहिनीला हाताला धरून. दिराला म्हणाल्या, "चला, उजेड आहे तोवर खाली उतरू." दादा गडबडले. असं न विचारता कसं नेता, आमची सून आहे, लोकांना काय सांगायचं, वगैरे. त्या शांतपणे म्हणाल्या, "न्हाऊ घालते, चार दिवस जेवू घालते, मग पाठवीन. पाठवावीशी वाटली तर." मग माझ्या भावाकडे पाहिलं. तो बैलांच्या खुरांकडे बघत होता. वहिनीनंही त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि आईच्या मागून चालायला लागली. तिचा आईच्या हातातला हात शेवटपर्यंत सुटला नाही. मला फार आनंद झाला होता.

त्या वळणाआड गेल्या. मग काकूचं लक्ष दगडावरच्या गाठोड्याकडे गेलं. विहीणबाईंनी आमच्यासाठी आणलेलं, तिथंच राहिलं होतं. काकांनी काडीनं गाठ सैल केली. आत फणसपोळी होती, तांदळाचे लाडू होते. आई म्हणाली, विटाळलेलं खायचं कसं? तेव्हा दादांनी चष्मा पुसून निकाल दिला. विहीणबाईंनी गाठोडं आधी खाली ठेवलं, आणि मग त्या शिवल्या. तेव्हा हे चालतं.

सगळे सतरंजीवर गोल बसले आणि खायला लागले. भावानं दोन लाडू घेतले. काकू म्हणाली, गूळ जरा कमी पडलाय. मला कुणीतरी फणसपोळीचा तुकडा दिला. मी बंगलीमागे गेले आणि भडाभडा ओकले.